राजीनामा नामंजूर करणारी बाई

आमच्या पक्षात निवडणूक हरल्यावर राजीनामा देण्याची एक रीत आहे. निकालानंतरच्या रविवारी आढावा बैठक होते. मुंबईहून एक निरीक्षक येतो. शहराध्यक्ष उठतो, घसा खाकरतो, "पराभवाची नैतिक जबाबदारी मी स्वीकारतो" म्हणतो, खिशातून लेटरहेडचा घडी घातलेला कागद काढतो आणि "मी पद सोडतो" असं म्हणून टेबलावर ठेवतो. कागदावरचा हात त्यानं उचलायच्या आत सभागृहातून कोणीतरी ओरडायचं असतं, "नामंजूर! राजीनामा नामंजूर!" एक ओरडला की सगळे ओरडतात. खुर्च्या सरकतात, दोघं-तिघं पुढे धावतात, एखादा डोळ्यांना रुमाल लावतो. निरीक्षक हात वर करून सांगतो की कार्यकर्त्यांच्या भावना मी वरपर्यंत पोहोचवतो. कागद परत खिशात जातो आणि मंडळी पोहे खायला बाहेर पडतात.

ते पहिलं ओरडणारं कोणीतरी म्हणजे मी.

बाईमाणसानं ओरडायचं असं काही पक्षाच्या घटनेत लिहिलेलं नाही. पण आवाज माझ्याकडे आहे. माझे वडील कळमन्याच्या मार्केटात संत्र्यांच्या ढिगांचा लिलाव पुकारायचे. माईक नाही, भोंगा नाही, नुसत्या गळ्यावर अख्खं शेड हलवायचे. तो गळा भावांना नाही मिळाला, मला मिळाला. सासरी आल्यावर मी स्वयंपाकघरातून मीठ मागितलं की शेजारची बाई वाटी घेऊन यायची. सासूबाई कपाळावर हात मारायच्या.

पहिल्यांदा ओरडले तेव्हा अगदी मनापासून ओरडले होते. आमचे शहराध्यक्ष तेव्हा नुकतेच अध्यक्ष झालेले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, वयानं मोठे असलेलेसुद्धा. जुन्या स्कूटरवर वस्तीवस्तीत फिरायचे, कुणाच्या मयताला, कुणाच्या नळाच्या भांडणाला. ती निवडणूक हरल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. माझ्यानं पाहवलं नाही. मी उठले आणि म्हटलं, "काहून सोडता भाऊ? नामंजूर! राजीनामा नामंजूर!" सगळं सभागृह उठलं. बाहेर आल्यावर त्यांनी हात जोडले. म्हणाले, "ताई, तुमी मले वाचवलं."

दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी फोन आला, "ताई, उद्या येजा बरं, पुढच्या रांगेत बसजा." तिसऱ्या वेळी फोनही आला नाही. पुढच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर भाऊंचा पांढरा रुमाल टाकलेला होता. सगळ्यांना कळायचं की ही खुर्ची ताईंची. मी रुमाल उचलायचे, बसायचे, वेळ आली की ओरडायचे आणि पोहे खाताना रुमाल परत करायचे. स्कूटर जाऊन गाडी आली होती, केसांना रंग आला होता, डोळे लाल व्हायचे बंद झाले होते. पक्ष दर निवडणुकीत आक्रसत होता आणि भाऊ खुर्चीत रुंद होत होते.

आता या निवडणुकीचं सांगते. महापालिकेची निवडणूक, रखडत रखडत शेवटी एकदाची लागली. आमच्या प्रभागात चार जागा, दोन बायकांच्या, त्यातली खुल्या गटातली एकच. ती जागा माझी, हे भाऊंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भर मांडवात सांगितलं होतं. "यंदा ताईले निवडून आणाचं म्हणजे आणाचं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून वस्तीत मला चिडवायला सुरुवात झाली, "काय नगरसेवकबाई, नळ कवा येईल?" मी लटक्या रागानं म्हणायचे, चूप बसा वं, पण खरं सांगते, आतून गुदगुल्या व्हायच्या. वयाच्या साठीला टेकल्यावर कोणी आपल्याला काहीतरी होणार म्हणतं, त्याची चव वेगळीच असते. मी दोन सुती साड्या घेतल्या, प्रचाराला बऱ्या, धुवायला सोप्या. मिस्टर म्हणाले, "तिकीट हातात येऊ दे अगोदर." मी त्यांच्यावर ओरडले. तेही शेजारी ऐकू गेलं असणार.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्यातली एक साडी नेसून भाऊंच्या घरी गेले. बैठकीत भाऊंची सून पाटावर बसलेली, कपाळभर कुंकू, आणि भाऊंची बायको तिला ओवाळत होती. मला वाटलं वाढदिवस आहे. खरंच असं वाटलं, इतकी मी भैताड. मग तिच्या मांडीवर पक्षाचा दुपट्टा दिसला.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ताई, वरून नाव आलं. माह्या हातात काहीच नव्हतं. अन् तुमी तं घरच्याच आहा. त्याग घरच्यालेच करा लागते."

मी म्हटलं, "मंग सून काय भाड्यानं आणली काय?"

बैठकीतले सगळे खो खो हसले. भाऊही हसले. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "ताईचा स्वभावच तसा आहे बावा, मनात काही नाही राहत." मी रागानं थरथरत होते आणि तो माझा स्वभाव ठरला. मला पेढा देण्यात आला. तो मी खाल्ला, कारण हातात धरून उभं राहणं त्याहून वाईट दिसलं असतं.

प्रचार मी केला. हरामखोर नाही मी. दारोदार फिरवलं त्या पोरीला. तिला आमच्या वस्तीतली पाण्याची टाकी कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि ती पाणीप्रश्नावर बोलायची. म्हाताऱ्या बायांच्या पाया पडताना अर्ध्यातूनच परत वर यायची, चप्पल शोधल्यासारखी. एका घरी दार उघडलं ती बाई भाऊंच्याच स्वयंपाकघरात कैक वर्षं पोळ्या करून गेलेली. सूनबाईंनी हात जोडून गोड आवाजात विचारलं, "आपलं नाव काय?" ती बाई म्हणाली, "माय वं! मत मांगाले आल्या अन् पोळ्या इसरल्या?" पुढच्या घरी सूनबाई मला म्हणाल्या, "ताई, इथले लोक किती उर्मट आहेत ना!" त्या गल्लीचं मत तिथेच गेलं, हे मला कळलं आणि वाईट वाटलं नाही.

मतमोजणीच्या दिवशी भाऊंच्या घरासमोर मांडव. हार सांगून ठेवलेला, चार माणसांनी उचलावा एवढा. संदलवाले, आमच्याकडे मिरवणुकीत वाजवणारे, ढोल घेऊन सकाळपासून कंपाउंडच्या भिंतीवर बसलेले. पहिली फेरी आली तेव्हा भाऊ म्हणाले, "ही आपली वस्तीच नाही." दुसरी आली तेव्हा म्हणाले, "आपली पेटी शेवटी खुलते." तिसरीनंतर काही म्हणाले नाहीत. संदलवाल्यांचा मुख्य दोनदा फाटकापाशी येऊन विचारून गेला, "भाऊ, वाजवाचं का?" दुपारून संदलवाले उठले, ढोल खांद्यावर टाकले आणि मागच्या गल्लीत विजयी उमेदवाराच्या दारात गेले. थोड्या वेळानं तिकडून जे वाजायला लागलं, बाप्पा! भाऊंच्या बैठकीतल्या काचा थरथरत होत्या. हार तसाच मांडवात पडून राहिला, संध्याकाळी गाईनं खाल्ला.

सूनबाईंचं डिपॉझिट गेलं. पक्षाचे शहरभरातून निवडून आलेले सगळे मिळून एका ऑटोत बसले असते आणि ऑटोवाल्यानं जास्त सवाऱ्या म्हणून कुरकुरही केली नसती. त्यातही एक होता तो पाण्याचे टँकर चालवणारा. तो पक्षाच्या नाही, टँकरच्या जोरावर आला होता. उन्हाळ्यात ज्यांच्या दारात टँकर उभा राहिला त्यांनी त्याला मत दिलं. साधा हिशोब. आम्ही गेली कित्येक वर्षं कुणाच्या दारात काय उभं केलं होतं? भाऊंची गाडी.

हरल्यावर पक्षात काय चालतं ते बाहेरच्याला वाटतं तसं नसतं. का हरलो, हे कोणी विचारत नाही. वस्तीत गढूळ पाणी येतं, घरटॅक्स वाढला, पोरं बसून आहेत, यातलं आपण काय बोललो, काय नाही बोललो, असा एक शब्द निघत नाही. एकच प्रश्न असतो, आता खुर्ची कोणाची? मुंबईच्या लोकांनाही नागपूर गेल्याचं दुःख नसतं. त्यांना कुणाच्या तरी गळ्यात ते बांधून दुसऱ्या शहराकडे वळायचं असतं. आणि जो मोठ्या आवाजात बाजू घेईल त्याचा अध्यक्ष वाचतो, एवढंच आमचं राजकारण उरलं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी भाऊ स्वतः माझ्या घरी आले. कैक वर्षांनी आले. गल्लीच्या तोंडाशी गाडी अडकली म्हणून पायी आले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर घाम पुसत बसले. सोबत कोणी नव्हतं. निकालाच्या आधी या माणसाच्या मागे दहा जण चालायचे.

मी चहा ठेवला. वाटलं, आता तिकिटाचं काढतील. ताई, चूक झाली, एवढं म्हणतील. एवढं म्हटलं असतं ना, तर मी विरघळले असते. मला स्वतःची ती सवय माहीत आहे. म्हणून मी चहाला मुद्दाम वेळ लावला, त्यांना शब्द जुळवायला सवड मिळावी म्हणून.

चहाचा घोट घेऊन भाऊ म्हणाले, "ताई, उद्या जरा टायमिंग पाहाजा. 'नैतिक जबाबदारी' म्हणलं का लगेच उठू नका. मांगच्या वेळी जरा लवकर झालं होतं. 'पद सोडतो' म्हणलं, का उठाचं."

मी पदराला हात पुसले.

"अन् थोडंसं रडता आलं तं पाहा. यंदा निरीक्षक कडक आहे म्हणते."

आतल्या खोलीत मिस्टरांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. ऐकत होते.

मग भाऊंचा आवाज बदलला. कप हातात धरून म्हणाले, "हे पद गेलं ना ताई, तं मले कोणी कुत्रं विचारणार नाही. धंदा पोरानं बुडवला. घरात माह्याशी कोणी बोलत नाही, त्या पदामुळे बोलते. सकाळी उठून जाव कुठी? तुमच्याशिवाय कोणी नाही आता. तुमी उठल्या का सगळे उठते. तुमी नाही उठल्या तं एक माणूस नाही उठत, हे मले माहीत आहे."

खरं बोलत होते. त्या खुर्चीशिवाय त्या माणसाजवळ काही नव्हतं आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं माझ्या घरात येऊन सांगितलं. मला बरं वाटलं. दया यायला हवी होती, पण आली नाही. उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यावं तसं गार वाटलं.

"बरं," मी म्हटलं.

त्यांना ते हो वाटलं. जाताना दारात वळून म्हणाले, "चहा मस्त झाला वं ताई."

ते गेल्यावर मिस्टर बाहेर आले. "जाशील उद्या?"

"जाईन ना, काहून नाही जाणार?"

"अन् उठशील?"

मी म्हटलं, तुमची आंघोळ राहिली आहे, पाणी तापलं आहे. ते समजले. चाळीस वर्षांचा संसार आहे, आवाज न चढवता बोलले की समजतात.

बैठकीला मी दुसरी साडी नेसून गेले, प्रचारासाठी घेतलेलीच, एकदाही न नेसलेली. पक्ष कार्यालयाच्या बाहेर पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा ओतून देणं चालू होतं. हरलेले उमेदवार तर्री जास्त मागत होते. आत पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर पांढरा रुमाल होता. तो उचलून मी मांडीवर ठेवला, पर्समधून बडीशेप काढली आणि चघळत बसले.

निरीक्षक चष्मेवाला, तरुण, मुंबईच्या भाषेत बोलणारा. त्याला परतीच्या विमानाची घाई होती, घड्याळ सारखं पाहत होता. लोक आपापलं बोलले. मशीनवर बोलले, पैशावर बोलले, फुटून गेलेल्यांवर बोलले. टँकरवाला भिंतीला टेकून उभा होता आणि एक शब्द बोलला नाही.

मग भाऊ उठले. नवा पांढरा सदरा. घसा खाकरला. चांगलं बोलले, ते नेहमीच चांगलं बोलतात. "या पराभवाची नैतिक जबाबदारी मी स्वीकारतो." इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पापणी जराशी मिटली, म्हणजे आता नाही, थांबा. मी थांबले. त्यांनी कागद काढला. "पक्षानं मला भरभरून दिलं. आज जड अंतःकरणानं मी पद सोडतो."

कागद टेबलावर, हात कागदावर.

वडील लिलावात असंच करायचे. ढिगाचा भाव पुकारायचे आणि बोली यायची वाट पाहत हात हवेत धरायचे. बोली नाही आली की शेडमध्ये एक विचित्र शांतता पसरायची आणि ज्या शेतकऱ्याचा ढीग असायचा तो कुणाच्याच डोळ्यांत न पाहता संत्री खालीवर करायचा. माझ्या लहानपणी मला त्या माणसाकडे पाहवायचं नाही. त्या दिवशी मी पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं.

भाऊंचे डोळे माझ्यावर. मी बडीशेप चघळत होते. मागच्या रांगेत त्यांची दोन माणसं अर्धी उठली, माझ्याकडे पाहिलं, मी बसलेली दिसले म्हणून परत टेकली. सगळं सभागृह माझी वाट पाहत होतं. इतक्या वर्षांत कोणाला पहिलं ओरडायची सवयच राहिली नव्हती. एकाच गळ्यावर सगळं सोपवून बसलेली मंडळी. ओरडणाराच गप्प बसला तर काय करायचं, याचा विचार कोणी कशाला केला असता?

"पद..." भाऊ पुन्हा म्हणाले, थोडं मोठ्यानं, "पद सोडतो म्हटलं मी."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. एवढंच.

निरीक्षकानं घड्याळ पाहिलं. हात पुढे करून भाऊंच्या बोटांखालचा कागद हळूच ओढून घेतला, वाचला आणि फाईलमध्ये ठेवला. "स्वीकारतो. आपल्या सेवेबद्दल पक्ष ऋणी आहे. पुढचा विषय घ्या."

भाऊंचा हात टेबलावर तसाच राहिला, खाली काही नाही. बसावं की उभं राहावं त्यांना कळेना. मग त्यांच्या लक्षात आलं की ज्या खुर्चीवर बसायचं ती अध्यक्षांची आहे. ते स्टेजच्या पायरीवरून खाली उतरले. पायरी चुकली, भिंतीला हात लावून सावरले. कोणी धरलं नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पुरणपोळी खाल्ल्यासारखा आनंद झाला.

बाहेर पोरंसोरं, म्हातारेकोतारे, सगळे येऊन कानात सांगून गेले, ताई, मस्त केलं, जमवलंच तुम्ही. हेच लोक परवापर्यंत भाऊंच्या गाडीचं दार उघडायला धावायचे. अध्यक्षांच्या पाटीवरचं नाव पुसायला पेंटर दुसऱ्याच दिवशी हजर. त्या पेंटरला ते काम भाऊंनीच लावून दिलेलं होतं.

बैठकीच्याच संध्याकाळी भाऊंच्या घरून ज्येष्ठमधाची पुडी आली. त्यांच्या बायकोनं मोलकरणीच्या हाती पाठवली होती, निरोप काहीच नाही. घशासाठी ज्येष्ठमध! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोमणा मारायलाही ऐट पाहा, म्हटलं. पुडी मी कचऱ्याच्या डब्यात फेकली. पण एक मात्र झालं, मला वाटलं, चला, लागलं आहे. झोंबलं आहे म्हणूनच टोमणा मारला. मी शांत झोपले.

टँकरवाला अध्यक्ष झाला. मला वाटलं होतं, नव्या माणसाला माझी किंमत कळेल. त्याची खुर्ची माझ्या गप्प बसण्यातून आली होती ना! नवी कार्यकारिणी जाहीर झाली, त्यात माझं नाव नव्हतं. मी सरळ त्याच्या ऑफिसात गेले. तो फोनवर टँकर वळवत होता. फोन ठेवून म्हणाला, "ताई, राग नका मानू, पण तुमी भाऊच्या माणूस ना. पूरं शहर जाणते. भाऊचा आवाज म्हणते तुमाले. मले नवा आवाज पाहिजे."

"मीच तं त्याले उतरवलं!" मी म्हटलं.

"हाव ना," तो म्हणाला, "म्हणूनच तं भेव वाटते." आणि फोन पुन्हा उचलला.

महिला आघाडीची अध्यक्ष त्यानं कोणाला केलं? भाऊंच्या सुनेला. डिपॉझिट गेलेली पोरगी, तिनं सासऱ्याचा फोटो आपल्या बॅनरवरून काढला आणि त्याच्या जागी टँकरवाल्याचा लावला. एकाच घरात राहतात, एकाच फाटकातून येतात-जातात. बॅनर त्याच फाटकावर लागला होता.

मग नव्या अध्यक्षाचा सत्कार ठेवला, त्याच सभागृहात. निरोप मोबाइलच्या ग्रुपवर आला, त्या ग्रुपमधून मला काढायचं कोणाच्या तरी राहून गेलं असावं. जायचं नव्हतं. पण घरी बसून करायचं काय? इतकी वर्षं त्या सभागृहाशिवाय मी दुसरीकडे गेले होते कुठे? दारात बिल्ले लावणारी बाई मला ओळखत नव्हती. म्हणाली, "आजी, समोर पॅक आहे. मागं बसा."

मागे सगळ्यात शेवटच्या रांगेत खांबाआड भाऊ बसले होते. केसांचा रंग उतरून मुळं पांढरी दिसत होती. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पांढरा रुमाल टाकला होता.

"या ताई, या. मी म्हटलं ताई येईन, धरून ठेवली तुमच्यासाठी." त्यांनी रुमाल उचलला. मी बसले. दुसरीकडे जागाच नव्हती.

स्टेजवर सूनबाई माईकवर बोलत होत्या, हातवारे करत. ते हातवारे माझे. प्रचारात मीच शिकवलेले.

भाऊ माझ्याकडे झुकले. "घसा कसा आहे आता?"

"घशाले काय झालं?"

"त्या दिवशी बसला होता ना वं तुमचा. मी पाह्यलं ना, तुमचं तोंड हलून राहिलं होतं अन् आवाजच निघून नाही राहिला होता. तुमचा जीव किती कासावीस झाला असन! घरी जाऊन बायकोले म्हटलं, अगोदर ताईले ज्येष्ठमध पाठव. बिचारीचा ऐन टायमाले घसा बसला. मी सगळ्याले सांगतो, ताईचा घसा नसता बसला तं आज स्टेजवर कोण असतं?"

मला पुडी आठवली. तो टोमणा नव्हता. या माणसाला काही झोंबलंच नव्हतं. मी मुद्दाम गप्प बसेन, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. भोंगा बिघडावा तसा माझा गळा बिघडला, असं समजून तो औषध पाठवून मोकळा झाला होता आणि त्या समजुतीवर सुखात जगत होता.

मी हळू आवाजात म्हटलं, "घसा ठीक होता भाऊ. मी उठलीच नाही."

ते हसले. "काहून मजाक करता वं ताई?"

"मजाक नाही करून राहिली. तिकीट सुनेले देलं ना तुमी. म्हणून नाही उठली. मुद्दाम."

"तुमी?" भाऊ अजून हसतच होते. माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "तुमी तं घरच्या आहा."

तो शब्द ऐकला आणि वडिलांचा गळा माझ्या गळ्यात चढला. मी उठून उभी राहिले. "मी मुद्दाम उठली नाही! मले तुमाले खुर्चीवरून उतरलेलं पाहाचं होतं!"

सभागृहाच्या भिंतींवर आदळून आवाज परत आला. स्टेजवर सूनबाईंचं भाषण तुटलं. मधल्या रांगेतले दोन जुने कार्यकर्ते, माझा आवाज ऐकल्याबरोबर, काय म्हटलं ते न समजताच, मुठी वर करून ओरडले, "हम तुम्हारे साथ हैं!" मग सगळीकडे शांतता पाहून वरमून खाली बसले. अख्खं सभागृह मागे वळून पाहत होतं. टँकरवालाही.

भाऊंचा चेहरा तेव्हा पडला. निकालाच्या दिवशी नव्हता पडला, पायरी चुकली तेव्हाही नव्हता पडला, तसा तेव्हा पडला. माझ्याकडे असं पाहिलं की जणू इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा पाहत आहेत. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली, उठले, आणि लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, माफ करा, माफ करा म्हणत दाराबाहेर गेले. सूनबाईंनी माईकवर टिचकी मारून भाषण पुढे सुरू केलं.

मी बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी माझी पर्स ठेवली. ठेवता ठेवता कळलं की त्या अख्ख्या पक्षात माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवणारा तो एकच माणूस उरला होता.